वेळेचा रकाना

रॉटरडॅमहून मेल : कंटेनर अडवलाय.
फवारणीनंतरचे दिवस एकाने कमी भरतात,
फाईलमध्ये कापणी दहा मार्चची दिसते.

रात्रीचे साडेनऊ. अंबडहून शेवटची कंपनी-बस गेलेली.
मी मोहाडीला फोन लावला.
निवृत्तीकाका बोरस्ते ताटावरून उठून आले.
"दहाला कोण कापणार? गडी, बाया, सगळे
जानोरीच्या लग्नात. अकराला कापली,
दव सुकल्यावर. वहीत आहे बघ."

वहीचा फोटो आला. निळं बॉलपेन :
११ मार्च, प्लॉट तीन, थॉमसन, तीनशे ऐंशी क्रेट.
वेळ नाही. काकांना ती लागत नाही,
त्यांचा दिवस सबंध असतो.

वेळ लागायची मशीनला.
रकाना मोकळा दिसला की फाईल अंगावर परत,
म्हणून तीन वर्षांपूर्वी कुणीतरी
प्रत्येक तारखेपुढे टी लिहिला, मग शून्यं, शून्यं, शून्यं,
शेवटी अधिक साडेपाच.
कुणीतरी म्हणजे मी. कोडवर नाव आहे.

पुढचं टेम्प्लेट सगळ्या वेळा ग्रिनिचला नेतं,
साडेपाच तास वजा करून.
अकराची मध्यरात्र मग दहाच्या संध्याकाळी
साडेसहाला जाऊन बसते :
जानोरीत गोरज मुहूर्त, अक्षता पडतायत,
आणि द्राक्षं वेलीवर.
शेवटच्या पायरीला वेळ छाटली जाते. उरतात दहा.
एकही पायरी चूक नाही.
तारखेचे बारा मीच वाजवले होते.

टी पुसला. शून्यं पुसली. साडेपाच पुसले.
प्रकार बदलला : क्षण नव्हे, दिवस.
अकरा आत घातले, अकरा बाहेर आले.

आणि तशीच बसून राहिले.

अण्णा गेले सात तारखेला, पहाटे दोन चाळीसला,
सिव्हिलमध्ये. मी उशाशी होते.
टोरांटोत दादाच्या फोनवर तेव्हा सहा तारीख होती,
तो कामावर होता.
रामकुंडावर गुरुजींनी तारीख विचारलीच नाही,
तिथी विचारली.
दादा दरवर्षी सहालाच फोन करतो.
मी दरवर्षी म्हणते, उद्या आहे रे.
तो गप्प होतो, मग हवापाण्याचं काहीतरी बोलतो.

तो मात्र क्षण होता.
तिथे साडेपाच लावायला हवे होते,
तिथे मी कधी लावले नाहीत.

फाईल रॉटरडॅमला गेली.
बोरस्तेकाकांना कळवायला उशीर झाला होता,
आपल्याकडे.
दादाकडे अजून दुपार होती.