रिकाम्या गाडीचं वजन

एचआरचा फॉर्म आलाय, मार्चअखेरचा.
'आपल्या कामगिरीवर परिणाम करणारे घटक.'
एक ते पाच गुण द्या:
शिक्षण, अनुभव, प्रशिक्षण, स्वातंत्र्य, वरिष्ठांचा पाठिंबा.
शेवटी 'इतर'. तिथे दोन ओळींचीच जागा.

अंबडच्या या कारखान्यात
पहिल्या वर्षी माझं टेबल अकाउंट्समध्ये होतं, खिडकीशी.
पाइपांच्या खरेदीवर मी एक परिच्छेद लिहिला
आणि टेबल कॅन्टीनमागे गेलं.
अकरापासून फोडणीचा ठसका.
हे कुठल्या रकान्यात घालू?

कोथुळे सरांनी निवृत्त होताना
मला वजनकाट्यावर नेऊन उभं केलं, भर उन्हात, तासभर.
"कागद नंतर. आधी बघ,
रिकामी गाडी मोजताना ड्रायव्हर कुठे असतो,
आणि भरलेली मोजताना कुठे."
रिकामी मोजताना तो आत, क्लीनर आत, पाण्याचा ड्रम आत.
भरली की दोघं टपरीवर, आणि ड्रम भिंतीशी.
एका खेपेला पावणेदोनशे किलो तांबं
कुणाच्याच वहीत नाही.

पिंपांचं मात्र मला कानानं कळलं.
'पितळ' लिहिलेल्या पिंपात हात घालून
एक तुकडा काढला, किल्लीनं ठोकला.
बोलला तो तांब्यासारखा.
जुन्या नाशकात, तांबट आळीत,
वडील हंड्यावर ठोके घालायचे
आणि मी शेजारी बसून पाढे म्हणायचे.
सतराचा पाढा अजून त्याच ठेक्यात येतो मला.
याला अनुभव म्हणू, की शिक्षण?

मसुदा तीनदा वर गेला.
'तफावत'चा 'फरक' झाला,
फरकाचं 'निरीक्षण',
निरीक्षणाचं 'सुधारणेस वाव'.
दातीर साहेब वाईट नाहीत.
मला डेंग्यू झाला तेव्हा त्यांनीच गाडी पाठवली होती.
"एकाच ताटात जेवतो आपण, मॅडम,"
एवढंच म्हणाले.

स्टोअरच्या खैरनारनी त्या दिवसापासून चहा विचारला नाही.
तीन वर्षांचा चहा.
हे लागेल असं वाटलं नव्हतं.

नेरकर नवा आहे, हुशार, दोन परीक्षा पास.
व्हाउचरवर हिरवी पेन्सिल टेकवून विचारतो,
"मॅडम, मग टिक करू की नको?"
त्याला काहीतरी सांगायला हवं होतं.
मी म्हटलं, "आधी टोक कर."

फॉर्मच्या तळाशी सही लागते
'मूल्यमापन करणाऱ्याची'.
म्हणजे दातीर साहेबांची.
भंगाराचं खातंही त्यांच्याचकडे.

स्वातंत्र्यापुढे मी तीन लिहिलं.
खोडलं.
परत तीनच लिहिलं.
'इतर'मध्ये लिहिलं: कान.
आता ते वेडगळ दिसतंय,
पण शाईनं लिहिलंय.

गेटवर हॉर्न. भंगाराची गाडी.
फॉर्म पंख्यानं उडू नये म्हणून वर किल्ली ठेवली,
मग उचलली, ती लागेल.
नेरकर, ऊठ.
काट्यापर्यंत चालत तीन मिनिटं,
आणि ड्रायव्हर अजून उतरलेला नाही.