दोन टिंबं

नावातल्या 'ओ'च्या डोक्यावर दोन टिंबं
कॅझनं दिली, एरीच्या गॅरेजात, त्र्याऐंशी साली.
उच्चार कसा करायचा विचारलं
तर म्हणायचा, मोठ्यानं.

कारखाना त्याच वर्षी बंद पडला.
त्याच्या बापाच्या कानातले बोळे आम्ही वाटून घेतले,
आणि तिथल्या प्रेसचा ठोका
ड्रमवर तसाच राहिला:
धाड्. थांब. धाड्.

मग केस वाढले. गायक बदलला.
केस कापले, गाणी संथ झाली,
तारा इतक्या सैल की बोटांखाली चिखल.
रँडल गेला. सुयांचं त्याच्या आईला कुणी सांगितलं नाही;
तिला माहीत होतं.
मला सत्त्याऐंशीतच काढलेलं. फोनवर.
कारण मी अजून विचारलेलं नाही.

परवा काउंटीच्या जत्रेत वाजवत होते,
डुकरांच्या स्पर्धेनंतर.
मूळचा एकटा कॅझ, कानात यंत्र.
गायक त्याच्या धाकट्या मुलीहून लहान.
पोस्टरवर टिंबं नव्हती,
छापणाऱ्याला डाग वाटले असतील.

शेवटच्या गाण्याआधी त्यानं यंत्र काढून
शर्टाच्या खिशात टाकलं,
काठ्या उचलल्या.
धाड्.
थांब.
माझी बोटं, कोटाच्या खिशात,
आपापल्या जागी गेली.