लोकरीचा बांध

एस्कडेलमध्ये मार्च संपत आलाय, पाऊस आडवा पडतो.
आयझॅक थ्वेटच्या ट्रॉलीवर सोळा पोती,
पोत्यांत गेल्या जुलैची लोकर.
विकून जे आलं असतं
त्याहून कातरणाऱ्याची मजुरी जास्त.
"दोन वर्षं जाळली," तो म्हणतो,
"तिसऱ्या वर्षी लाज वाटली."

माझं काम मोजायचं:
काळ्या दलदलीची जाडी, चरांची रुंदी,
डोंगरावरचं पाणी किती वाजता कुठं पोचतं.
त्याच्या आज्यानं सरकारी पैशातून चर खणले होते,
पाणी झटक्यात उतरावं म्हणून.
उतरलं.
एका डिसेंबरात ते खालच्या गावात
पोस्टाच्या काउंटरवर चढलं,
आणि पुढच्या मे महिन्यात वर ओल नव्हती,
माती मिसरीसारखी उडत होती.

तेच चर आता बुजवतो आम्ही,
मी आणि त्याची मुलगी ब्रायनी.
काथ्याच्या जाळीत लोकर ठासायची,
मांडीएवढी वळकटी करायची,
चरात आडवी टाकून गुडघ्यांनी दाबायची.
लोकर आधी पाण्याला अंगाला लागू देत नाही,
तिच्यातल्या तेलाचा हट्ट.
तासाभरानं मऊ पडते. मग सोडत नाही.

रात्री दादांना व्हिडिओ दाखवला.
दादा म्हसवडचे, मेंढरांमागं
दर साल घाट उतरून कोकणात गेलेले.
बराच वेळ फक्त त्यांचा पंखा ऐकू येत होता.
"चिखलात घालता व्हय गं लोकर?
घोंगड्याला पाय लागला तर
आपण हात कपाळाला लावतो."
म्हटलं, दादा, इथं ती कुणी पांघरत नाही.
"मेंढरं किती त्याची?"
नऊशे होती. आता चारशे दहा,
आणि बारा गाई, राठ गवत तुडवायला.
"निम्मी इकली? रडला का गडी?"
हे मोजायचं माझ्या फॉर्मवर नव्हतं.

सकाळी विचारलं.
आयझॅकनं थर्मासचं झाकण फिरवलं, परत फिरवलं.
"वर कुंपण नाही, पाहिलंस?
कोकरू आईमागं फिरतं,
हा ओढा आपला, तो खडक शेजाऱ्याचा,
तेवढं दुधाबरोबर पितं.
लाळ-खुरकताच्या साथीत पलीकडच्या खोऱ्यातला
सगळा कळप मारावा लागला.
नवी मेंढरं आणली, ती वाऱ्यासारखी कुठंही जायची.
माणसं वर्षानुवर्षं राखणीला उभी राहिली.
दलाल म्हणाला, म्हाताऱ्या काढ.
मी तरण्या काढल्या.
म्हाताऱ्यांना डोंगर पाठ आहे."
मग, चहा ओतता ओतता,
"रडलो नाही. यादीला तीन रात्री लागल्या."

एप्रिलात वादळ आलं. त्याचं नाव मी विसरले.
वळकट्यांमागं पाणी थांबलं,
कोऱ्या चहाच्या रंगाचं, डबक्याडबक्यांत.
दोन वळकट्या वाहून गेल्या, ब्रायनीनं मनसोक्त शिव्या दिल्या.
खालच्या पुलावर माझ्या यंत्रानं नोंदवलं:
लोंढा चाळीस मिनिटं उशिरा.

"चाळीस मिनिटांत काय व्हतंय?" दादा.
पोस्टातली बाई टपालाच्या पिशव्या माडीवर नेते.
आपल्या अपंग कुत्र्यालाही.
दादा हसले नाहीत.
"त्या म्हाताऱ्या ठेवल्या, ते ब्येस केलं.
दुष्काळात आमचीबी म्हातारीच म्होरं असायची,
पाणी तिला म्हाईत."

मग, फोन ठेवता ठेवता:
"कशी हाय लोकर? खरबरीत?"
फार. कोकरू काळं जन्मतं,
वय वाढतं तसं करडं होत जातं.
"एक पोतं बाजूला ठीव.
सगळीच पाण्याला नको."