मूळ गावचा रकाना

अलिबागला कोर्टाच्या भिंतीला लागून
निळ्या ताडपत्रीखाली माझं टेबल.
प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, नावात बदल.
तीस वर्षं झाली. पानामागे दर ठरलेला,
कुणी रडायला लागलं तर त्याचे वेगळे घेत नाही.

त्या तिघी आल्या फेब्रुवारीत, भर दुपारी,
एकीच्या हातात अर्धं प्यालेलं शहाळं.
म्हणाल्या, आम्हाला संस्था काढायचीय.
मराठीत म्हणाल्या. पण कसली मराठी!
घासलेट होतं तिच्यात, इस्पितळ होतं,
चार आणे अजून चालत होते.
आज्यांनी ट्रंकेत घालून नेलेली,
घड्या तशाच.

नाव?
सिपोरा झिराडकर.
नाव?
मिल्का वाकरूळकर.
तिसरी येरुशा. लग्नाचं आडनाव मला उच्चारता येईना,
तर म्हणाली, अष्टमकर लिहा, आईचं.
मूळ गाव?
सवयीने विचारलं मी, आणि तिघी हसल्या.
"आडनावातच आहे की, बाई."

झिराडला माझी रोजची एसटी थांबते.
वडाखाली दोन माणसं चढतात, एक उतरतं.
गाव जागचं हललं नव्हतं,
त्याचं नाव तेवढं समुद्र ओलांडून
डिमोनाच्या वाळवंटात
कुणाच्या तरी दारावर पाटी होऊन बसलं होतं.

उद्दिष्टांच्या रकान्यात त्यांना सगळंच हवं होतं:
पाणी, शाळा, दवाखाना, बायकांना रोजगार,
शिवाय मिल्काला एक वाचनालय.
म्हटलं, चार ओळींची जागा आहे.
आधी फिरून या, विचारून या.

आठ दिवसांनी आल्या. चपलांना खाजणातला चिखल,
सिपोराचं नाक उन्हाने सोललेलं.
झिराडला कुणीतरी तिला दगड दाखवला
पणजोबाच्या घाण्याचा.
त्यावर एक बाई चादर आपटत होती.
बाई ओशाळली, बाजूला झाली.
"मग?" मी विचारलं.
"मग काय. म्हटलं, चालू द्या तुमचं.
चादरीचं दुसरं टोक धरलं, पिळायला."

आणि थळच्या बंदरावर
जाळं सांधत बसलेली धाकलूबाई म्हणाली होती,
"पानी देताव म्हनून समदेच येतान.
मना सुईचं नेढं दिसं नाय,
त्याचं बोला."

म्हणून मी एकच ओळ टाइप केली:
किनाऱ्यावरील व खारेपाटातील स्त्रियांस
चष्मे पुरवणे.
धर्मादायच्या साहेबांनी कागद उलटा करून पाहिला.
"एवढंच?"
"सध्या एवढंच," येरुशा म्हणाली.
"आणि नाव हे? शनवार तेली महिला संस्था?
तेलाचा धंदा आहे का?"
"होता."
"बरं, सह्यांना शनिवारी या."
तिघी एका सुरात, "शनिवारी नाही!"
सिपोराने समजावलं, शनिवारी घाणा बंद,
म्हणून तर गाव आम्हाला तसं म्हणायचं.
साहेबांनी बायकोला फोन लावला,
म्हणाले, शनिवारी मोकळा आहे गं,
आणि सोमवारची तारीख दिली.

पहिलं शिबिर थळच्या समाजमंदिरात.
डॉक्टर पेणचा, खोकी ठाण्याहून आलेली,
चहा कोळीवाड्याचा, आलं जास्त झालेला.
धाकलूबाईने चष्मा लावला.
सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.
तिने मांडीवरचं जाळं उचललं,
उजेडाला धरलं,
आणि कडाडली,
"कुनी सांधलंय ह्ये? सगल्या गाठी वाकड्या!"
सून म्हणाली, तुमीच की, आय.
मग मात्र हसणं आवरेना कुणाला,
परदेशच्या तिघी आणि इथल्या चाळीस,
कोण कुठली ते आवाजावरून सांगता आलं नसतं.

जाताना मीही एक घेतला, दीड नंबरचा.
पैसे ठेवले. त्यांनी ते पावतीपुस्तकात लिहिले,
पावती क्रमांक एक.
दुसऱ्या दिवशी ताडपत्रीखाली बसून
संस्थेच्या कागदांची माझ्याकडची प्रत काढली.
झिराडकरचं झिरडकर केलं होतं मी,
तीन ठिकाणी.
काना खाल्लेला.
कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं,
सिपोराच्याही नाही.

दुरुस्तीपत्र टाइप केलं.
त्याचे घेतले नाहीत.