बापाचं इंग्रजी

आठवीच्या वह्या घेऊन मी पडवीत बसते
तेव्हा बाबा पलीकडे जाळ्याचे फाटलेले आस विणत असतात.
जाळं आमचं नाही, शेजारच्या बाबल्याचं.
बत्तीस वर्षं जहाजावर दोर ओढलेल्या हातांना
निवतीत दुसरं काय काम द्यायचं?

साडेसातला फोन येतो.
सेबूहून रोडेल, कधीकाळचा कुक.
"लू! माय फ्रेंड!"
लवू सारंग जहाजावर चढला की लू व्हायचा,
घरी उतरला की पुन्हा लवू,
मधला वू कुठल्या बंदरात ठेवायचा, कधी सांगितलं नाही.

बाबा ओरडून बोलतात,
जणू मधला समुद्र नुसत्या आवाजाने ओलांडायचाय.
"यू ईट?"
"आय ईट. फिश करी. नी नो गुड."
"सेम सेम. ओल्ड इंजिन."
माझं लाल पेन थांबतं.
काळ नाही, क्रियापदाला धड शेपूट नाही,
आणि दोघंही हसतायत.

ही भाषा दोघांपैकी कुणाच्याच आईची नव्हे.
भाड्याच्या खोलीत राहावं तसे ते तिच्यात राहिले,
हवे तिथे खिळे ठोकले, ओले कपडे वाळत घातले.
घरमालक कधी वर आलाच नाही.

आमचं आडनाव इंग्रजीने केव्हाच उचललंय.
जाड शब्दकोशात आहे: सेरांग, खलाशांचा मुकादम.
मी बाबांना बोट ठेवून दाखवलं.
चष्मा सारखा करून म्हणाले,
"मगे त्याचां भाडां कोण देता?"

तीन वर्षांपूर्वी आई गेली.
बाबांनी आल्यागेल्याला चहा विचारला,
भटजींशी नारळाच्या भावावर हुज्जत घातली.
बाराव्याच्या रात्री विहिरीपाशी फोन कानाला लावून उभे होते.
"माय वाइफ फिनिश," म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही, नुसती रहाटाची कुरकुर.
मग, "ऑल लाइफ आय नॉट देअर. सॉरी. सॉरी."

मी मागल्या दारात, हातात तांब्या.
लाज वाटते सांगायला,
पण माझ्यातली बाई आधी म्हणाली,
फिनिश नव्हे, पास्ड अवे.
नंतर कळलं, खाली आपलंच 'संपली' होतं,
भरतीत खडक बुडालेला असतो तसं.

आमच्या घरात सॉरी कुणी कुणाला म्हटलं नाही.
थँक्यू म्हटलं तर आजी विचारायची,
"परक्याची झालंस काय गो?"
वर्गात तोच शब्द दिवसातून चाळीसदा येतो,
"सॉरी टीचर, सॉरी टीचर,"
बडीशेपेसारखा हातोहात.
त्या रात्री तो कुणाला उद्देशून होता,
रोडेलला, आईला, की दारातल्या मला,
मी अजून विचारलेलं नाही.
कुठल्या भाषेत विचारू?

यंदा शाळेच्या भिंतीवर 'सेमी इंग्रजी' रंगवलंय.
तन्वेश खवणेकरची आई टोपली खाली ठेवून
फाटकातच मला म्हणाली,
"ह्येका इंग्लिश येवक व्हयां, बाई. होडयेर जावक नको."
बाबांना इंग्रजी होडीनेच दिलं,
हे तिला सांगायचं राहिलं.

फोन संपतो.
"रोडेल इचारी होतो तुका. हाऊ इज टीचर."
"मग काय सांगितलंत?"
"टीचर गुड, असां सांगलंय."
आणि पुन्हा आस मोजू लागतात.
एवढं त्यांनी मला मालवणीत कधी सांगितलं नव्हतं.

वर तन्वेशची वही.
माय फादर इज गो टू सी.
मी खूण करते. करायलाच हवी,
त्याच्या आईने टोपली खाली ठेवली होती.
बाबा वाकून बघतात.
"त्या पोरान चुकीचां काय लिवल्यान?"

मी तोंड उघडते.
मतलय वारा सुटलाय, वहीची पानं उलटतायत,
आणि मला ते
आमच्या भाषेत सांगता येत नाही.