पंख्याचा फोटो

इंदुरात, जेल रोडला, एका जिन्याखाली
पाटाएवढं दुकान आहे तौसीफचं.
डोळ्याला भिंग लावून बसलेला,
समोर चहाच्या बशीत
राळ्याच्या दाण्याएवढे स्क्रू.

मी फोन ठेवला. पाण्यात पडला होता,
ह्यांच्या शेवटच्या चार वर्षांसकट.
भाचा म्हणाला होता, मावशी, तिथं नको देऊस,
सगळं काढून घेतात ती पोरं.
पण काचेच्या मोठ्या दुकानात
नवा घ्या म्हणाले. एवढंच म्हणाले.

तौसीफनं पासवर्ड तोंडानं सांगू दिला नाही.
चिठ्ठी पुढे केली, आणि मान वळवून
समोरच्या पोहेवाल्याकडे बघत राहिला
माझं लिहून होईपर्यंत.

"बॅटरी टाकतोय ती जुनी आहे, आंटी.
वर्षभर चालेल, फार तर.
आधी सांगितलेलं बरं.
ऐब झाकून विकलं तर पैसे येतात,
बरकत येत नाही."

मग मीच विचारलं, जरा खवचटपणे,
एवढे फोन उघडतोस, आतलं बघत नाहीस?
भिंग न काढताच हसला.
"अब्बा कुलपं दुरुस्त करायचे, राणीपुऱ्यात.
म्हणायचे, किल्ली हाती आली
म्हणून घर आपलं होत नाही.
आमच्यात सांगितलंय, कुणाच्या दारी गेलात
तर तीनदा सलाम करा.
उत्तर नाही आलं, तर परत फिरा,
राग न धरता.
आता लोकांचं घर खिशात मावतं.
दार मात्र दारच ना?"

तेवढ्यात अजान झाली.
माझा फोन ड्रॉवरमध्ये ठेवून त्यानं कुलूप लावलं,
कुलूप दोनदा ओढून पाहिलं,
"अमानत आहे," म्हणाला, आणि गेला.

घरी येऊन चालू केला. सगळं होतं.
मांडूची सहल, गॅसची बिलं,
दवाखान्याच्या खिडकीतलं चिंचेचं झाड.
आणि सगळ्यात शेवटी एक नवाच फोटो:
दुकानाचं छत, जळमटं,
फिरता फिरता पुसट झालेला पंखा.
कॅमेरा चालतो का बघायला
त्याला आमचं काही उघडावं लागलं नव्हतं.

आणि मी?
गेल्या आषाढात सुनेचा फोन ओट्यावर होता,
ती अंघोळीला.
पासवर्ड नव्हता, दार नुसतं लोटलेलं.
भाजी करपेपर्यंत वाचत होते मी
माझ्याबद्दल तिनं बहिणीला लिहिलेलं.
खरं सांगायचं तर वाईट काही नव्हतं.
'थकल्यात हल्ली,' एवढंच.
तरी महिनाभर मी तिच्याशी
मोजून बोलले.

आज संध्याकाळी तो पुन्हा थरथरला,
कणकेच्या परातीला लागून.
मी पालथा घातला.
हाक मारली, मृदुला.
पुन्हा मारली.
तिसऱ्यांदा मारली.
ओ आली नाही.
हात धुतले, कणीक तिंबायला घेतली.