निर्वात

उय्‌पेश्तच्या कारखान्यात एतेल्काचं काम एवढंच:
काचेतली हवा काढून घ्यायची.
आधी दिव्यांची, मग रेडिओच्या व्हॉल्व्हची.
केसाहून बारीक टंगस्टन,
भिंगाला चिकटलेले डोळे.
घरी मात्र घासलेटची चिमणी.

पंचेचाळीसच्या वसंतात सैनिक आले,
यंत्रं उचकटून मालगाडीत घातली.
पंपसुद्धा.
फरशीवर बोल्टांची भोकं उरली.
बायका दुसऱ्या दिवशी भोंग्याआधीच दारात.
फोरमन बेर्तालान म्हणाला, झाडू तरी घ्या हातात.

मग पुन्हा पंप, पुन्हा काच,
आणि नंतर ट्रान्झिस्टर.

आज तिथे सोफ्यांचं गोदाम.
एतेल्काच्या फडताळात एक व्हॉल्व्ह,
कुठल्याच रेडिओला न बसणारा.
पणती तो कानाशी हलवते,
विचारते, यात काय गं?

काही नाही, म्हातारी म्हणते.
ते मीच भरलंय.